अठरा की दहा?

३ मार्च, मंगळवार

डोक्याचा पार भुगा! सासरेबुवांनी गॅरेजमध्ये पहिला धडा दिला. सायकलचा पंप हातात दिला, पुढचं तोंड अंगठ्याने दाबायला लावलं — "मार." मारला. पंप तापला.

"हवा दाबली की तापते. डिझेल इंजिनात ती अठरा पट दाबतात. इतकी तापते की वरून डिझेल फवारलं की आपोआप पेटतं. ठिणगी लागतच नाही. पेट्रोलला मात्र दहा पट. जास्त दाबलं तर वेळेआधीच भडकतं."

म्हणजे लवकर भडकणाऱ्याला बेतानेच दाबायचं. नवऱ्याच्या बाबतीत हे मला आधीच ठाऊक होतं.

त्याला ग्रीसच्या वासानेच शिंका येतात. म्हणून तर सासरे म्हणाले, "सूनबाई, शिकलीस तर चाव्या तुझ्या. नाहीतर गॅरेज विकतो." मी चांगली नोकरी सोडून आलेय. शिकायलाच हवं.

४ मार्च

डिझेल अठरा, पेट्रोल दहा. पाठ.

९ मार्च, सोमवार

आज म्हणतात, डिझेलला दहा! मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तर अठरा —"

"मी कधी म्हणालो?"

इतकं ठामपणे! मागचं पान काढून पाहिलं. अठराच लिहिलंय. पण लिहिणारी मीच ना. ऐकण्यात चूक झाली असेल. एवढं साधं डोक्यात राहत नाही, आणि म्हणे गॅरेज चालवणार.

११ मार्च

परीक्षा घेतात बहुतेक. मुद्दाम उलटं सांगायचं आणि सून नंदीबैलासारखी मान डोलावते का बघायचं. सासूबाईंना विचारलं. "त्यांचं त्यांना माहीत," म्हणाल्या.

१४ मार्च, शनिवार

टेम्पोचं डिझेल इंजिन उघडलं होतं. सासरे पाना घेऊन बराच वेळ काहीतरी शोधत होते. "स्पार्क प्लग कुणी काढले?"

मी हसले. म्हटलं, "बाबा, यावेळी नाही फसणार. डिझेलला ठिणगी लागत नाही."

ते हसले नाहीत. पाना खाली ठेवून स्टुलावर बसले. "आणखी काय काय चुकलो मी?"

मी त्या दिवशीचं 'डिझेलला दहा' सांगितलं.

"म्हणूनच तुला घाईने शिकवतोय. गिऱ्हाइकासमोर चुकलो, तर नुसती खोक. मी सावरून घेईन. घरात कुणाला बोलू नकोस."

चाव्या हव्या होत्या, पण अशा नको होत्या.

१६ मार्च, सोमवार

टेम्पोवाल्याला सांगत होते, "डिझेलला दहा पट —" मी खोकले.

"सूनबाई, खोकला झाला की काय?" वाटलं, नाटक छान करतात.

टेम्पोवाला गेला. मग पाण्याचा ग्लास घेऊन आले. "थांबला का गं खोकला?"