घोडबंदरचे रविवार

९ जून, सोमवार

भरला! एम.ए. इतिहासाचा अर्ज एकदाचा भरला. पदवीच्या रकान्यात बी.कॉम. लिहिताना हात थांबलाच. इतकी वर्षं सीएच्या ऑफिसात लोकांचे जीएसटी रिटर्न भरतेय, आणि आता म्हणे इतिहास!

मम्मीचं एकच — "इतिहास घेऊन कुणाचं भलं झालंय? सीए इंटर दे." भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. पप्पांनी पेपर उघडला. मम्मी बोलायला लागली की त्यांचं हे कायमचंच.

१५ जून, रविवार

दुसऱ्या शाखेतून आलेल्यांची तोंडी परीक्षा आहे. ती नीट गेली तरच यादीत नाव. 'इतिहासच का?' हे विचारणारच.

का? घोडबंदरच्या किल्ल्यामुळे! दुसरं काय?

आज बसल्या बसल्या सगळं आठवत राहिले. रविवारी विहारात वंदना झाली की पप्पा मला आणि प्रितमला घेऊन निघायचे. मम्मी कधीच आली नाही — तिचं डोकं दुखायचं. पेणकरपाड्याच्या त्या एका खोलीतून बाहेर पडलं की माझा हा धाकटा भाऊ पळतच सुटायचा. बस, मग किल्ल्याचा चढ, डब्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. वर बुरुजावर खाडीचा वारा असा यायचा की माझ्या वेण्या माझ्याच तोंडात.

आणि पप्पांची गोष्ट — गोदूबाईची! गोदूबाई किल्ल्यात पाणी भरायची, पण दरवाजाची चावी तिच्या कमरेला. गोरा साहेब पिऊन उशिरा आला की आतून ओरडायची, "झोप आता बाहीर!" प्रितम हसून हसून लोळायचा. साहेबाला दर रविवारी नवी शिवी मिळायची.

काय दिवस होते! पप्पांचे केस काळेभोर होते तेव्हा. फार आठवण येतेय.

२४ जून, मंगळवार

उद्या तोंडी. 'इतिहासच का?'चं उत्तर आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं.

२५ जून, बुधवार

माती खाल्ली.

तीन जण होते. "तुमच्या भागाच्या इतिहासातलं काही सांगा." मी सुटलेच — घोडबंदर, गोदूबाई, चावी! मधल्या सरांनी पेन खाली ठेवलं. "हे कुठे वाचलंत?"

"पप्पांनी सांगितलं."

हसले. वाईट नाही हसले, पण हसले. बाजूच्या मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गोष्ट रचलेली दिसतेय. पण माणूस अशी गोष्ट का रचतो, हाही इतिहासाचाच प्रश्न. तुम्हाला काय वाटतं?"

मी पुन्हा चावीचंच सांगत बसले. बावळट!

घरी येऊन पप्पांना फाडफाड बोलले. "लहानपणापासून थापा मारल्यात तुम्ही!" ते चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले. जेवायलाही उशिराच बसले.

२९ जून, रविवार

मम्मी विहारात गेली होती. पप्पा स्वतःहून बोलायला बसले.

"गोदूबाई माझी आत्या व्हती. गावाकडं. जत्रंहून उशीर झाला की मला बाहीर निजवायची. त्या किल्ल्याचं मला काय म्हाईत? चढावर रडत व्हते तुमी, मग सांगत गेलो कायबाय."

"मग न्यायचंच कशाला आम्हाला?"

"घर रिकामं पायजे व्हतं. तुजी माय अभ्यासाला बसायची."

मी चाटच पडले! मम्मी बाहेरून बी.ए. करत होती. एकच खोली, त्यात आम्ही दोघं दंगेखोर. दोन वर्षं पास झाली. तिसऱ्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली आणि राहिलं ते राहिलंच. विषय? इतिहास.

डोकं दुखतं म्हणे! आणि ते 'कुणाचं भलं झालंय' — स्वतःचंच सांगत होती की ती! आम्ही बुरुजावर पोळी खात होतो तेव्हा ही बाई त्या खोलीत एकटी, पुस्तक घेऊन बसलेली. मी रडले थोडी. मॅडमना आता उत्तर देता येईल, पण विचारतंय कोण!

मम्मी आल्यावर म्हटलं, "सांगितलं का नाहीस कधी?"

"तुम्ही विचारलंत कधी?" एवढं बोलून मेथी निवडायला घेतली. मीही बाजूला बसून निवडत राहिले.

८ जुलै, मंगळवार

यादी लागली. नाव आहे!! मोबाइल मम्मीसमोर धरला. चष्मा लावून तिने दोनदा वाचलं. म्हणाली, "पुस्तकं आणलीस की आधी मी वाचणार. तू नंतर."