दोन बोटं बाजूला

काका, तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली आणि विमानाच्या पंखावर पट्टी लावताना मी अजूनही आधी मागे वळून बघते. अंधेरीच्या त्या गाळ्यात तुम्ही माझ्या मागेच स्टूल टाकून बसायचात. पंख वाकला की पत्र्यावर किती ताण पडतो ते सांगणारी ती नखाएवढी पट्टी चिकटवायला मला कॉलेजने नाही, तुम्ही शिकवलंत. पत्रा पॉलिशपेपरने घासायचा, पुसायचा, पट्टी ठेवून अंगठा दाबायचा आणि मनात शंभर मोजायचे. पट्टी पत्रे जोडणाऱ्या रिवेटच्या कडेलाच हवी, यावर तुम्ही अडून बसायचात. "दुखतं तिथेच हात लाव गो. बाजूला विचारलंस तर सगळं बरं आहे म्हणेल."

त्या शनिवारी मला मढला मैत्रिणीच्या साखरपुड्याला जायचं होतं, वर्सोव्याची फेरीबोट गाठायची होती. रिवेटच्या कडेला तुम्ही खूण करून ठेवली होती, पण तिथला पत्रा खडबडीत, दोनदा लावलेली पट्टी दोनदा सुटली. तिसरी मी दोन बोटं बाजूला, गुळगुळीत जागी लावली. झकास बसली. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोळ्यांवर काळा चष्मा होता. तुम्ही विचारलंत, खुणेवरच ना? मी हो म्हणाले, आणि त्या 'हो'वर विसंबून तुम्ही तपासणीच्या कागदावर सही केलीत.

सोमवारी पंख किती भार पेलतो ते बघायला त्यावर वाळूच्या पिशव्या रचायला घेतल्या. माझी पट्टी निवांत आकडे दाखवत होती, म्हणून साहेब अजून ठेवा, अजून ठेवा म्हणत राहिले, आणि पंख रिवेटच्या रांगेतच मोडला. सगळ्यांची वर्षभराची मेहनत होती ती. आता बोलते, मग बोलते करत मी उभी आहे. तुम्ही मोडलेल्या तुकड्यापाशी जाता, वाकून पट्टीपासून रिवेटपर्यंत बोटं टेकवता. दोन बोटं. मग माझ्याकडे न बघता म्हणता, "साहेब, खूण माझीच चुकली. डोळे पूर्वीचे राहिले नाहीत." मी पिशव्या उतरवायला लागले. महिन्याभरात तुम्हाला घरी बसवलं.

जाताना तुमची स्टीलची फूटपट्टी माझ्या हातात दिलीत. मोजून लाव गो, एवढंच म्हणालात. चार शिव्या दिल्या असत्यात तर रडून मोकळी झाले असते. तुमच्या तेराव्याला कांदिवलीला आले, तेव्हा काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, शेवटी डोळ्यांनी दगा दिला हो, नाहीतर यांचा हात कधी चुकला नाही. मी त्यांच्या शेजारी बसून मान डोलावली. पंख मोडल्यापेक्षा त्या मान डोलावण्याची मला जास्त लाज वाटते. आता ऑफिसात सगळे मला जपून काम करणारी म्हणतात, तेही मी ऐकून घेते.

काकू हल्ली नाहूरला मुलीकडे असतात, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. खरं तर हे पत्र त्यांना लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला सगळं आधीच माहीत आहे.