अर्धं टेबल उभं करून

११ नोव्हेंबर, दुपार
दुकानातून

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे आम्ही ठीक. तुझे गुडघे काय म्हणतात ते कळव. अक्षर वेडंवाकडं आलंय, पेन नवीन आहे.

डॉक्टरांनी मला व्यायाम सांगितला. दिवसभर स्टुलावर वाकून, डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला तो कुणीही सांगेल. तुझ्या भावजयीला मी एवढंच सांगितलं. तिने व्यायामाची सायकल आणली. पायडल फिरवताना आत कुठेतरी टक् वाजायचं. मी ते ऐकत राहायचो. शेवटी सायकल खोलली, साफ केली, तेल दिलं, जोडली. टक् गेलं आणि माझा रसही गेला. भावजय शेजारणीला म्हणाली, "हे व्यायाम करत नाहीत, व्यायामाची दुरुस्ती करतात."

मग वाचनालयामागच्या हॉलमध्ये टेबल टेनिसचं टेबल दिसलं. जोडीदार नसला की त्याची पलीकडची अर्धी बाजू भिंतीसारखी उभी करतात. मारलेला चेंडू तिच्यावर आपटून परत येतो, पण दर वेळी थोडा वेगळा. का, ते शोधायला लागलो. घाम कधी आला कळलं नाही. आता सकाळी दुकान उघडण्याआधी पाय आपोआप तिकडे वळतात.

हल्ली दातांची एक डॉक्टरीण समोर असते. माझा फटका चुकला की ओरडते, "घड्याळवाले, स्वतःला किल्ली द्या!"

मी म्हणतो, "तुम्ही आधी भूल देता, मग मारता."

परवा आम्ही दम खात बाकावर बसलो होतो. ती म्हणाली, "तुमचा उजवा हात बसल्यावर थरथरतो. खेळताना नाही. लक्षात आलंय?"

आलं होतं. ताई, पेन जुनंच आहे.

बाबांना होतं तेच. डॉक्टर म्हणाले, "हे जाणार नाही. पण हलत राहिलात तर कदाचित सावकाश वाढेल. आवडेल ते करा. नावडतं कुणी रोज करत नाही." बायकांची नाजूक घड्याळं मी आता घेत नाही, भिंतीवरची घेतो. भावजयीला काल सांगितलं. ती बराच वेळ सायकल पुसत राहिली.

कुतूहल मात्र सुटत नाही. निवांत ठेवलेला हात कापतो आणि धावत्या चेंडूमागे गेला की शांत होतो, हे कसं? बंद असताना टिकटिकणारं आणि चालताना गप्प राहणारं घड्याळ मी आजवर उघडलेलं नाही.

बाबांचा हात असा कधी शांत झाला असता का, ते आपल्याला कळलंच नाही. त्यांचा पेला डचमळला की आपण दोघं धावायचो. तू पेला घ्यायचीस, मी खुर्ची सरकवायचो. सगळं मायेनेच. हळूहळू त्यांना खुर्चीतून उठायला काही कारणच उरलं नाही.

हे वाचून तू मिळेल त्या गाडीने निघशील. नीघ. सकाळी माझ्याबरोबर हॉलमध्ये चल, डॉक्टरीण तुलाही सोडायची नाही. घरी चहा मी ओतेन. बशीत सांडेल, कदाचित टेबलावरही. तू बोलत राहा. हात पुढे करू नकोस.

अजून उभा असलेला,
तुझा धाकटा