गौर उंबरठ्यावर अडली आहे

झाशी,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. ऋचा हिस दामूकाकाचे आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तम असेल आणि तू वेळेवर जेवत असशील असं धरून चालतो (न जेवल्याचं कळवायची तुझी पद्धत नाही). इकडे माझा गुडघा सोडला तर सर्व ठीक. तुझ्या कमलकाकूचा रक्तदाब औषधाला आणि मला, दोघांनाही जुमानत नाही.

नवशिक्या पटकथाकारांसाठी तू मुंबईहून पाठवलेले सल्ले मी वहीत उतरवून घेतले आणि आपल्या घरच्या महालक्ष्म्यांवर पटकथा लिहायला बसलो. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, असं तू म्हणतेस. म्हणून श्रावणी शुक्रवारी काकू पुरण वाटत असताना मी घड्याळ धरून शेजारी उभा राहिलो. माझं लिखाण एक पानाचं आणि पुरणाला लागली पन्नास मिनिटं. जरा वेग वाढव, असं सुचवताच पाटा-वरवंटा माझ्यासमोर सरकवण्यात आला (त्या पन्नासांतली शेवटची पंचवीस माझी आहेत).

दुसरा सल्ला असा की मनातलं लिहायचं नाही, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच लिहायचं. "काकूला ऋचाची फार आठवण येते" हे वाक्य मी निमूटपणे खोडलं आणि त्याजागी काय दिसतं ते पाहायला दोन दिवस स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो. दिसलं ते असं : काकू तीन ताटं काढते आणि एक परत ठेवते. दोन्ही वेळा. तू या घरात वाढलीस आणि तुला मुंबईला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी हे मला आत्ता कळलं. फार वाईट वाटलं (कॅमेऱ्याला दिसणार नाही, पण पत्रात चालत असावं).

तिसरा सल्ला, संवाद मोठ्याने वाचून घ्या. त्यासाठी कारखान्यातून निवृत्त झालेले माझे मित्र मकरंदराव आणि शेजारची सून मयुरा यांना बोलावलं. मयुराला मराठी समजतं सगळं, तोंडातून मात्र हिंदीच बाहेर पडतं. दृश्य गौर घरात आणण्याचं. तुला पाठच आहे : मुखवटे घेऊन दाराशी आलेल्या लेकीने "गौर आली" म्हणायचं, आतून काकूने "कशाच्या पावलांनी आली?" विचारायचं, आणि लेकीने "सोन्याच्या पावलांनी" म्हणत उंबरठा ओलांडायचा. तू गेल्यापासून काकूच बाहेर उभी राहते आणि आत मयुरा. गेल्या वर्षी काकूने "गौर आली" म्हटल्यावर ती बिचारी भांबावून म्हणाली, "आइए न चाचीजी, दरवाज़ा खुला है." गौर आत आली, पण पावलांचं राहूनच गेलं.

तर वाचन. मकरंदरावांनी कंसातल्या सूचनाही संवाद समजून वाचल्या. ते "पंखा बंद करते" म्हणाले आणि मयुराने उठून पंखा बंद केला. सगळे घामाघूम. मग काकूची पाळी आली. "मी असं बोलत नाही," म्हणत तिने माझे चार संवाद गाळले आणि पाचव्याला थांबली. हळूच म्हणाली, "कशाच्या पावलांनी आली?"

पुढचा संवाद लेकीचा, म्हणजे तुझा. सगळ्यांच्या प्रती मी स्वतः उतरवल्या होत्या, तुझ्या वाट्याची तेवढी राहिली होती. काकू चष्मा काढून दाराकडे बघत राहिली. मग "चहा टाकते" म्हणून उठली. हा संवाद माझा नाही, पण ठेवणार आहे.

तुझा,
दामूकाका

ता. क. दृश्याच्या माथ्यावर "आत" किंवा "बाहेर" असं लिहायचं असतं ना? उंबरठ्याशी थांबलेल्या लेकीसाठी काय लिहितात?

ता. क. २. खरं सांगतो, मला पटकथेत काडीचाही रस नाही. कशी आहेस विचारलं की तू अंगठ्याचं चित्र पाठवतेस आणि पटकथेचं विचारलं की त्याच दिवशी चार परिच्छेद. म्हणून लिहीत सुटलो. महालक्ष्म्या तीन आठवड्यांवर आल्या आहेत. ये.

ता. क. ३. (हे मी लिहितेय, काकू.) यांचं मनावर घेऊ नकोस. काम असेल तर राहू दे, आमचं काही अडत नाही. गाडी कोणती तेवढं कळव. आज ताट परत ठेवलेलं नाही.