रेडिओवर खोटे बोलल्याबद्दल श्री. डॉबनी यांच्याविरुद्ध केलेली तक्रार मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
लहान धावपट्ट्यांचे नियंत्रण कार्यालय,
लिंकन.

विषय : थॉर्नबी फेन धावपट्टीचे रेडिओ-चालक श्री. सिरिल डॉबनी यांच्यावरील तक्रार रद्द करणे.
संदर्भ : माझा दि. २३ मे १९९६ चा अर्ज.

महोदय,

दि. १४ मे रोजी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, मी विमानातून खाली उतरल्यावर, माझी पत्नी एडना वारल्याचे श्री. डॉबनी यांनी मला सांगितले. शेजारणीचा फोन त्यांना अर्धा तास आधीच आला होता. तेव्हा मी, वय ६३, शिकाऊ वैमानिक, एकटाच हवेत होतो. त्यांनी रेडिओवर मला खोटे सांगितले, अशी माझी तक्रार होती. त्यावरून त्यांचे काम थांबवण्यात आले आहे. तक्रारीत जे लिहिले नाही ते आता लिहितो.

१. "मी विमान व्यवस्थित उतरवले" असे मी लिहिले होते. ते खरे नाही. पहिल्या खेपेला वेग जास्त होता; चाके आपटून विमान उसळले आणि मी पुन्हा वर गेलो. दुसऱ्या खेपेला वाऱ्याने बाजूच्या गवतावर ढकलत नेले. तेव्हा श्री. डॉबनी म्हणाले, "वॉल्टर, तुला काय गाडी पकडायचीय? मार अजून एक चक्कर. धावपट्टी तुझ्या एकट्याचीच आहे." तिसऱ्या खेपेला उतरलो.

२. घरून फोन आला तर लगेच कळवा, असे मी निघताना त्यांना सांगितले होते. उतरण्याआधी रेडिओवर विचारले, "घरून काही?" एरवी ते चिडवायचे, "बाईसाहेब म्हणतात सावकाश ये, घर शांत आहे." त्या दिवशी म्हणाले, "काही नाही. वारा डावीकडून आहे, तिकडे बघ." त्या आवाजावरून मला समजले होते. मी पुन्हा विचारले नाही. नेमके शब्द कानावर पडले असते तर विमान जमिनीला धड टेकले नसते. म्हणजे माझी फसवणूक झाली, असे मला म्हणता येत नाही.

३. त्या सकाळी एडना म्हणाली होती, "आज नको ना जाऊस. छातीत जड वाटतंय." मी म्हणालो, "अगं, आज दोन गावी उतरून परत आलो की परवान्याचं मोठं काम झालं. जेवायला येतोच." डॉक्टरांना फोन न करता निघालो. हे मी कोणालाही सांगितलेले नाही. दोष कुणाच्या तरी माथी मारायचा होता, आणि श्री. डॉबनी टोपी काढून विमानाशी उभे होते. सगळ्यांसमोर मी ओरडलो, "खोटारड्या, लाज नाही वाटत?" ते एवढेच म्हणाले, "चल, घरी सोडतो तुला." मी त्यांच्याच गाडीतून गेलो आणि वाटभर त्यांना शिव्या दिल्या.

तरी माझी तक्रार रद्द करून त्यांना कामावर परत घ्यावे. दि. ६ जूनच्या चौकशीत हा अर्ज सर्वांसमोर वाचावा, ही विनंती. घरी आजारी माणूस सोडून विमान घेऊन निघाल्याबद्दल काही कारवाई बसत असेल तर ती माझ्यावर करावी.

दोनदा श्री. डॉबनी यांच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. त्यांची माफी मागायची अजून राहिली आहे.

मान खाली घालून,
आपला,
वॉल्टर पिंचबेक
दि. २९ मे १९९६