ट्रामच्या निम्म्या वाटेवर

अप्पर हट, न्यूझीलंड,
१२ मे १९९६

प्रिय सानिका,

फोनवर मी हा विषय काढला की तू इथल्या पोरांसारखं "येह, स्वीट ॲज, आई, जाईन कधीतरी" म्हणतेस आणि बोलणं संपतं. म्हणून लिहिते आहे. मराठी वाचताना तू अडखळतेस, तेव्हा अक्षर मोठं काढलंय. लंडनला आहेस तोवर एकदा वेल्समध्ये लँडिडनोला जाऊन ये. माझं तिथे एक काम राहिलंय, आणि डॉक्टर मला एवढा विमानप्रवास करू देत नाहीत.

चौसष्ट ते सदुसष्ट आम्ही तिथे होतो. बाबा इस्पितळात नोकरीला, मी घरात. तेव्हा मला त्या गावाचं काही ठाऊक नव्हतं. आता इथल्या लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचते. दीडेकशे वर्षांपूर्वी एका जमीनदार घराण्यानं दलदलीच्या जागी ते आखून वसवलं. समुद्रालगत चंद्रकोरीसारखी वळलेली हॉटेलांची रांग आहे. पाण्यात गेलेला लाकडी धक्का इतका लांब की टोकाला पोचेपर्यंत वाऱ्यानं माझा अंबाडा सुटायचा. डोंगरावर काश्मिरी जातीच्या शेळ्या मोकळ्या फिरतात. "आपल्या आधी आलेली देशी मंडळी," बाबा म्हणायचे.

त्या डोंगरावर १९०२ सालची ट्राम जाते, दोरानं ओढलेली. निम्म्यावर उतरून दुसरीत बसायचं. तिथेच आता साडेतीन हजार वर्षांपूर्वीची तांब्याची खाण सापडलीय. काही बोगदे इतके अरुंद, की लहान मुलंच आत जात असतील म्हणे. ट्राम आमच्या खिडकीतून दिसायची, पण तीन वर्षांत एकदाही बसलो नाही. मी म्हटलं की बाबांचं ठरलेलं, पाहुणे आले की जाऊ. आपल्या लोकांची सवयच ती, घराजवळचं काही पाहायचं तर पाहुण्यांबरोबर. मग दीनानाथभावजी आले. बाबांनी त्यांना एकट्यांना ट्राममध्ये बसवून दिलं आणि मला धक्क्यावर आइस्क्रीम खायला नेलं. मी दोन दिवस बोलले नाही. वेलिंग्टनला तशाच दोरानं डोंगर चढणाऱ्या केबल कारपाशीही ते खालीच थांबायचे, आठवतं? "बाबा इज स्केअर्ड!" म्हणून तू चिडवायचीस. ते नुसते हसायचे.

ते गेल्यापासून दोन वर्षं त्यांच्या कपाटाला मी हात लावला नव्हता. गेल्या महिन्यात आवरलं. तळाशी एक कागद सापडला.

सानू, तुझ्याआधी आम्हाला एक मुलगा झाला होता. लँडिडनोलाच, पासष्टच्या मार्चमध्ये. चार दिवस जगला. मी तापात होते. आपल्यात एवढ्याशा बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. बाबांनी ते एकट्यानं केलं. कुठे, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते जाईपर्यंत एकोणतीस वर्षांत तो विषय आमच्यात निघाला नाही. कागदावर डोंगरावरच्या दफनभूमीचं नाव आहे, ओळ आणि नंबर आहे. मी नकाशा पाहिला. ट्राममधून निम्म्यावर उतरायचं आणि दहा मिनिटं चालायचं. आता मला त्या आइस्क्रीमचा राग येत नाही.

कागदाची नक्कल सोबत पाठवते आहे. ट्राम हिवाळ्यात बंद असते, त्याआधी जा. दगड नसेल, नुसतं गवत असेल. नंबर मोजून उभी राहा. फुलं नेली नाहीस तरी चालेल. बाराव्या दिवशी बारसं करणार होतो. नाव ठरलं होतं, ठेवायचं तेवढं राहिलं. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते, आणि त्याची आत्या तेव्हा पुण्यात होती. बहीण सांगेल, काय बिघडलं? खाली वाक, "कुर्रर्र" म्हण आणि सांग, अनिरुद्ध. एवढं मराठीत कर. मग काय बोलावंसं वाटेल ते इंग्रजीत बोललीस तरी चालेल. तोही तुझ्यासारखा परदेशातच जन्मलेला.

तुझ्या फोनची वाट पाहणारी,
तुझीच,
आई