तिसऱ्या ओळीपाशी तुटणारं गाणं

४ जुलै
कॉलेजात आजपासून संगीतोपचार कक्ष. जुनी स्टोअररूम, एक पेटी, सहा खुर्च्या. शिकवतो फिजिक्स, पण माझ्याइतका तयार कान स्टाफमध्ये कुणाचा नाही. (दुसरं कुणी तयारच नव्हतं म्हणे. शिपायाचा कुजकटपणा.) संकल्प: मुलांचा आत्मविश्वास वाढवायचा. कुणालाही टोकायचं नाही.

७ जुलै
पाच जण आले. एकीचे परीक्षेत हात थरथरतात. बरी गुणगुणली. तीनदाच टोकलं. तेही टोकणं नव्हे, मार्गदर्शन.

११ जुलै
दोघंच. बाकीचे बहुधा बरे झाले.

१४ जुलै, दुपारी १.२०
कुणी नाही. खाली उतरलो, तर वरून गाणं ऐकू आलं. तिसऱ्या ओळीपाशी तुटलं. धावत वर गेलो. खोली रिकामी, मागचं दार उघडं.
गाणं ओळखीचं. दोन वर्षांपूर्वी लेकीनं गॅदरिंगला म्हटलेलं. शब्द तिचे, चालही तिचीच. तिसऱ्या ओळीला स्वर उतरला, म्हणून मी पहिल्या रांगेतून बरोबर सूर लावून दाखवला. लोक हसले. ती अर्ध्यावर आत निघून गेली. तेव्हापासून गात नाही. आता माझ्याच कॉलेजात आहे, अभ्यास वाढलाय.

१८ जुलै
परत तेच. तिथेच तुटलं. पंखा असणार. बायको म्हणाली, पंख्याला विचारण्यापेक्षा लेकीला विचारा. काहीतरीच.

२१ जुलै
आंघोळ करताना तेच, फळ्यावर लिहितानाही तेच. तिसरी ओळ आली की हातातला खडू थांबतो. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. ते मला माहीतच होतं.

२५ जुलै, १.२५
मागच्या दारापाशी लेकीच्या चपला. डाव्या चपलेचा पट्टा मीच शिवून आणलाय.
दाराबाहेरच उभा राहिलो. तिसरी ओळ आली. पोरगी थांबली नाही, ओळ म्हणू लागली. डोळे भरून आले माझे. स्वर किंचित उतरला होता, पण संकल्प पाळला. बोललो नाही. नुसता बरोबर सूर लावला. हळूच, तिला आधार म्हणून.
आतलं गाणं थांबलं.

२६ जुलै
जेवताना लेकीनं शांतपणे विचारलं, "बाबा, किती उतरला होता?"
खरं ते सांगितलं. अगदी थोडा. तिनं मान हलवली आणि ताट उचलून गेली.

३० जुलै, दुपारी १
चार दिवस कुणी गात नाही. कक्षात एकटाच बसलो. पेटी उघडून तिचं गाणं म्हणून पाहिलं. तिसऱ्या ओळीपर्यंत सुरात आलं. पुढचं येईना.
पुढचं मी कधी ऐकलंच नाहीये.